ग्रँड कॅन्यनमध्ये उतरण्यापूर्वी: ब्राइट एंजल ट्रेलची एका दिवसाची आखणी

सह्याद्रीत गडावर जाताना दमछाक आधी होते आणि उतार नंतर येतो. अर्ध्या वाटेत छाती भरून आली तर माणूस दगडावर टेकतो, पाणी पितो आणि फारच झाले तर तिथूनच खाली वळतो. शरीर योग्य वेळी इशारा देते. अॅरिझोनातील ग्रँड कॅन्यनमध्ये नेमके उलटे घडते. तिथे आपण कड्यावरून सुरुवात करतो, सकाळच्या गारव्यात, ताज्या पायांनी, उताराने खाली जातो. आणि थकवा जाणवतो तेव्हा सगळी चढण पुढे उभी असते, ऊन डोक्यावर आलेले असते आणि परतीला दुसरी वाट नसते. दरवर्षी अडीचशेहून अधिक माणसांना या दरीतून सुटका पथकाच्या मदतीने बाहेर काढावे लागते. भारतातून येणारे आपले आई-वडील आणि इथे अमेरिकेत राहणारे तरुण ट्रेकर, दोघेही त्याच त्याच चुका करताना मी वर्षानुवर्षे पाहत आहे, म्हणून संपूर्ण क्रम इथे मांडत आहे. हा लेख साउथ रिमवरून, म्हणजे दरीच्या दक्षिण कड्यावरून, ब्राइट एंजल ट्रेल या पायवाटेने उतरून त्याच दिवशी परत येणाऱ्यांसाठी आहे. दरीत रात्री तळ ठोकायचा असेल तर स्वतंत्र परवाना लागतो आणि त्यासाठी सुमारे चार महिने आधी सोडतीत अर्ज करावा लागतो. तो विषय वेगळा.

१. ऋतू आणि मुक्काम आधी ठरवा

साउथ रिम समुद्रसपाटीपासून सुमारे २,१०० मीटर उंचीवर आहे. जुलैत कड्यावर दुपारचे सरासरी कमाल तापमान २९ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. त्याच वेळी खाली कोलोरॅडो नदीकाठी ते ४१ अंशांच्या घरात जाते. खाली उतरणे म्हणजे घाटमाथ्यावरून विदर्भाच्या मे महिन्यात शिरणे, हे लक्षात ठेवले की पुढची आखणी आपोआप शिस्तीत येते. या सफरीसाठी एप्रिलचा उत्तरार्ध, ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचा पूर्वार्ध हे दिवस सर्वांत बरे. उन्हाळ्यात शाळांना सुट्ट्या असतात म्हणून बहुतेक कुटुंबे तेव्हाच येतात. त्यांना येऊ नका असे मी म्हणणार नाही, पण त्यांची मर्यादा निम्म्याहून कमी असेल, हे त्यांनी तिकीट काढतानाच मान्य करावे. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारनंतर विजांसह वळवासारखा पाऊस कोसळतो आणि कोरड्या घळींना क्षणात लोंढा येतो. डिसेंबर ते मार्च वरच्या दोन-तीन मैलांत वाटेवर कडक बर्फ साचलेला असतो, तेव्हा बुटांना लावायचे धातूचे काटे घेतल्याशिवाय पाऊल टाकू नये.

मुक्काम आदल्या रात्री कड्यावरच्या ग्रँड कॅन्यन व्हिलेजमध्ये किंवा लगतच्या टुसायान गावात असावा. लास व्हेगासहून साडेचार तास गाडी चालवून पहाटे पोहोचायचे आणि तसेच उतरायला लागायचे, ही पहिली मोठी चूक आहे. झोप झालेली नसते, शरीराला उंचीची सवय नसते आणि रात्रीच्या रस्त्यावर एल्क जातीची मोठी हरणे आडवी येतात, ती जोखीम वेगळीच. भारतातून आलेल्या पाहुण्यांना तर जेट लॅग उतरल्यानंतर, निदान चार-पाच दिवसांनीच इथे आणावे. प्रवेशशुल्काचे नियमही २०२६ पासून बदलले आहेत आणि अमेरिकेबाहेरून येणाऱ्यांना इथे जादा शुल्क पडते, तेव्हा आई-वडिलांचा हिशेब वेगळा धरावा.

> तपासा: घड्याळ. अॅरिझोना राज्य उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, मात्र त्याच राज्यातील नवाहो नेशन हा नवाहो मूळनिवासींचा प्रदेश करतो. मॉन्युमेंट व्हॅलीकडून येणाऱ्यांच्या मोबाइलमध्ये मार्च ते नोव्हेंबर या काळात एका तासाचा घोळ होतो. मोबाइलची वेळ स्वतःच्या हाताने फिनिक्स शहराच्या वेळेवर लावा.

२. पायवाट निवडा

साउथ रिमवरून दोन प्रमुख पायवाटा उतरतात. साउथ कायबॅब ट्रेल एका उघड्या धारेवरून जाते; दृश्य भव्य आहे, पण वाटेवर पिण्याचे पाणी कुठेही नाही आणि सावली जवळजवळ नाही. तिथे खाजगी गाडीही नेता येत नाही, पार्कच्या, म्हणजे ग्रँड कॅन्यन राष्ट्रीय उद्यानाच्या, मोफत बसने जावे लागते. ब्राइट एंजल ट्रेल एका मोठ्या घळीतून उतरते; तिथे सकाळी बराच वेळ सावली असते, ठरावीक अंतरावर छपरे आणि शौचालये आहेत, आणि काही ठिकाणी नळाचे पाणी मिळते. प्रथमच जाणाऱ्यांनी ब्राइट एंजलच निवडावी, यात मला शंका नाही. दुसऱ्या वाटेची ओढ असेलच तर दीड मैलावरच्या सीडर रिजपाशी थांबून परत यावे आणि उन्हाळ्यात त्यापुढे एक पाऊलही टाकू नये.

३. परतीचा बिंदू कागदावर लिहा

बहुतेकांकडून सुटते ती ही पायरी, म्हणून इथे थोडे थांबतो. ब्राइट एंजल ट्रेलवर परत फिरण्याचे चार नैसर्गिक टप्पे आहेत. पाट्या मैलांत असल्यामुळे मैल लक्षात ठेवा.

पहिला टप्पा म्हणजे वाटेवरच्या दोन बोगद्यांपैकी खालचा बोगदा. कड्यावरून जाऊन येऊन पावणेदोन मैलांच्या आत भरतो. लहान मुले, गुडघ्यांचा त्रास असणारे आणि साठी ओलांडलेले पाहुणे यांच्यासाठी हा पूर्ण आणि समाधान देणारा पल्ला आहे. तो अपुरा मानू नये.

दुसरा टप्पा दीड मैलाचे रेस्टहाउस. उतार सुमारे ३४० मीटर, जाऊन-येऊन दोन ते चार तास. तिसरा टप्पा तीन मैलांचे रेस्टहाउस. उतार सुमारे ६४५ मीटर, जाऊन-येऊन चार ते सहा तास. आपल्याकडे रेस्टहाउस म्हटले की खोल्या, खानसामा आणि चहा डोळ्यांसमोर येतो. इथे मात्र त्याचा अर्थ दगडी खांबांवरचे उघडे छप्पर एवढाच आहे. तिथे खायला काही मिळत नाही आणि मुक्काम करता येत नाही.

चौथा टप्पा हवासुपाई गार्डन्स, साडेचार मैलांवर. उतार सुमारे ९३० मीटर, म्हणजे परतीची चढण बारीतून कळसूबाई चढण्याच्या तोडीची, आणि एकूण वेळ सहा ते नऊ तास. जुन्या नकाशांत याचे नाव इंडियन गार्डन असे आहे. तिथून हुसकावल्या गेलेल्या हवासुपाई या मूळनिवासी लोकांच्या मागणीवरून २०२२ मध्ये ते बदलले, तेव्हा दोन नावे पाहून दोन जागा समजू नका. त्यापुढे नदी आहे. कड्यापासून नदी आणि परत कडा हा प्रवास एका दिवसात करू नका, असे पार्कचे स्पष्ट सांगणे आहे आणि मे ते सप्टेंबर या काळात तर तो जिवावर बेततो.

आता हिशेब करा. उतरण्याला जितका वेळ लागतो त्याच्या दुप्पट वेळ चढण्याला धरायचा. म्हणजे हाताशी सहा तास असतील तर दोन तास संपले की, आपण कुठेही असलो तरी, वळायचे. जुलैतले उदाहरण घेऊ. पहाटे पाचला निघालात, साडेसहाला तीन मैलांच्या रेस्टहाउसपाशी पोहोचलात, अर्धा तास विसावलात, तर सातला निघून दहा वाजता कड्यावर असाल. उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेत दरीत चालू नये, असा इथला दंडक आहे. तो याच हिशेबात बसतो. ऑक्टोबरमध्ये हवासुपाई गार्डन्स गाठायचे असेल तर साडेसहाला निघून नऊपर्यंत खाली, पाऊण तास विश्रांती आणि तिनाच्या आत वर, अशी आखणी करा.

परत फिरण्याची जागा आणि वेळ, दोन्ही कागदावर लिहून गटातल्या प्रत्येकाला सांगा. जे आधी येईल तिथे वळायचे. हा नियम खाली गेल्यावर बदलायचा नाही, कारण तिथे मन ठिकाणावर नसते. माझे वडील रायगड, राजगड, तोरणा अनेकदा केलेले. पहिल्या वेळी आम्ही तीन मैलांपाशी वळायचे ठरवले होते, पण खाली हवासुपाई गार्डन्समधली कॉटनवुडची हिरवी झाडे दिसत होती आणि ती हाकेच्या अंतरावर वाटत होती. "एवढं आलोय तर तेवढं बघून येऊ," असे ते म्हणाले आणि आम्ही वीस-पंचवीस मिनिटे पुढे उतरलो. ती वीस मिनिटे वर येताना सव्वा तासाची झाली. तीन मैलांच्या छपराखाली ते बसले तेव्हा त्यांच्या निळ्या सदऱ्यावर सॅकच्या पट्ट्यांखाली मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या, अगदी मिठागराच्या कडेला दिसतात तशा. घाम दिसला नव्हता, कारण तो कोरड्या हवेत लगेच उडून जात होता. मुंबई-पुण्याच्या माणसाला घाम निथळला की पाणी प्यायचे, हे ठाऊक असते. इथे तो इशारा मिळतच नाही.

> इशारा: खालची हिरवळ, नदीची रेघ किंवा पुढचे वळण जवळ वाटते तेव्हा ते खरोखर किती दूर आहे ते पाटीवर पाहा. या दरीत नजरेचा अंदाज सतत चुकतो.

४. सॅक भरा: पाण्याइतकेच मीठ

पाणी. उन्हात चालताना तासाला अर्धा ते एक लिटर धरा. दीड मैलाच्या रेस्टहाउसपर्यंत जाऊन येण्यासाठी माणशी दोन लिटर आणि त्यापुढे तीन लिटर घेऊनच निघा. दीड आणि तीन मैलांवरचे नळ फक्त उबदार महिन्यांत चालू असतात. हवासुपाई गार्डन्समध्ये एरवी बारमाही पाणी असते, पण दरीतून येणारी मुख्य जलवाहिनी जुनी असून वारंवार फुटते, तेव्हा नळ आहे म्हणून बाटली कमी, असा हिशेब करू नका. ओढ्याचे पाणी शुद्ध करण्याच्या थोड्या गोळ्याही जवळ असू द्या.

मीठ. इथे आपल्या माणसांची दुसरी मोठी चूक होते. पाणी पीत राहा, एवढेच सगळ्यांनी ऐकलेले असते, म्हणून खाणे टाळून नुसते पाणी ढोसले जाते. घामावाटे मीठ जाते, वरून साधे पाणी भरत राहते आणि रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत खाली येते. म्हणून प्रत्येक वेळी पाण्याबरोबर काहीतरी खारट खायचे. आपल्या घरातले पदार्थ यासाठी उत्तम आहेत: खारे शेंगदाणे, चिवडा, तिखटमिठाच्या पुऱ्या, दशमी आणि लोणच्याची फोड, सोबत शेंगदाण्याचे किंवा डिंकाचे लाडू. दर दोन साध्या बाटल्यांमागे एक बाटली ओआरएसची किंवा मीठ-साखर घातलेल्या लिंबू सरबताची ठेवा. श्रीखंड, मिठाई, तळलेले बटाटेवडे उन्हात नकोत. पोट जड झाले की चढण दुप्पट होते. रक्तदाबासाठी मीठ कमी केलेल्यांनी किंवा लघवीच्या गोळ्या घेणाऱ्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे आणि त्यांचा पल्ला खालच्या बोगद्यापुरताच ठेवावा.

कपडे. एरवी ट्रेकला सुती कपडे नकोत असे सांगतात आणि हिवाळ्यात ते खरेच आहे. उन्हाळ्यात मात्र या दरीत पूर्ण बाह्यांचा सैल, फिकट रंगाचा सुती सदरा हे सर्वांत उपयोगी वस्त्र ठरते, कारण नळाखाली भिजवला की तो बराच वेळ ओला राहतो आणि अंग थंड ठेवतो. रुंद काठाची टोपी आणि गळ्याभोवती गुंडाळायला पंचा घ्या. पंचा भिजवून मानेवर टाकला की जो आराम मिळतो, तो महागड्या साधनांनी मिळत नाही.

पाय. वापरून मऊ झालेले, पकड असलेले बूट घाला. नवे बूट इथे पहिल्यांदा घालू नका. लांब उतारावर बोटे बुटाच्या टोकावर सतत आपटतात, म्हणून दोन दिवस आधी पायाची नखे कापा, नाहीतर ती काळीनिळी पडतात आणि गळूनही जातात. चालण्याच्या काठ्या घ्या, गुडघे वाचतात. याखेरीज हेडटॉर्च, शिट्टी, पट्टी-मलम आणि कचऱ्याची पिशवी. सकाळचीच सफर असली तरी हेडटॉर्च घ्यावाच.

> तपासा: सॅक भरल्यावर ती पाठीला लावून जिने चढून पाहा. खांद्याला टोचते, पाणी हिंदकळते, बाटली हाताला लागत नाही, हे दोष घरी सापडले पाहिजेत.

५. आदली संध्याकाळ

पार्कच्या संकेतस्थळावर तीन गोष्टी पाहा: ट्रेल उघडी आहे का, कोणते नळ चालू आहेत आणि दरीतल्या उष्णतेबाबत इशारा आहे का. कड्याचे तापमान पाहून निर्णय घेऊ नका, खालचे पाहा. शंका असेल तर बॅककंट्री इन्फर्मेशन सेंटर या पार्कच्या माहिती केंद्रात जाऊन रेंजरला, म्हणजे पार्कच्या रक्षकाला, विचारा. ते न रागावता नेमके उत्तर देतात. त्याच इमारतीजवळच्या डी क्रमांकाच्या वाहनतळावरून ट्रेलचे तोंड जवळ पडते, ते उजेडी पाहून ठेवा. कोण जात आहे, कुठपर्यंत आणि किती वाजता परत येणार हे वर थांबणाऱ्या माणसाला लिहून द्या, कारण खाली मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही. रात्री पोटभर भात-आमटी जेवा, मद्य टाळा आणि लवकर झोपा.

६. उतरताना

पहिल्या अर्ध्या तासात मुद्दाम हळू चाला. उतारावर दम लागत नाही, म्हणून लोक पळत सुटतात आणि मांड्यांचे स्नायू इथेच खर्ची पडतात. त्याची वसुली परतीला होते. दर वीस मिनिटांनी मागे वळून वर पाहण्याची सवय लावा. जेवढे दिसते तेवढे चढायचे आहे, ही जाणीव डोळ्यांना सतत द्यावी लागते.

दगडाचा रंगही मैलाच्या दगडासारखा वाचता येतो. कड्याजवळ फिकट चुनखडक आहे, मग कोकोनिनो वालुकाश्माची उभी, पांढरट-पिवळी भिंत लागते, तिच्याखाली लालभडक मातकट थर सुरू होतात, आणि तीन मैलांच्या रेस्टहाउसखाली रेडवॉल चुनखडकाचा प्रचंड कडा वळणावळणाने उतरावा लागतो. ही रेडवॉलची वळणे उतरलात म्हणजे तुम्ही दीर्घ चढणीला होकार दिला, असे समजा.

वाटेत खेचरांचे तांडे भेटतात. त्यांना नेहमी आधी जाऊ द्यायचे. दरीच्या बाजूला कधीही उभे राहू नका. डोंगराच्या बाजूला भिंतीला लागून, शांत, न हलता उभे राहा, खेचरवाल्याने सांगितले तसे करा आणि शेवटचे खेचर पन्नास फूट पुढे गेल्याशिवाय चालू लागू नका. वर चढणाऱ्या माणसालाही आधी वाट द्यायची असते. वळणे तोडून सरळ खाली उतरू नका, दगड लोटू नका. वरच्या बोगद्याजवळ कातळावर जुनी चित्रे आहेत; हाताच्या तेलकटपणाने ती पुसट होतात, तेव्हा दुरूनच पाहा. खारी खाण्यासाठी अंगावर येतात; त्यांना काही देऊ नका. त्या कडकडून चावतात आणि खायला घातल्यास दंडही होतो.

> इशारा: ढग गडगडू लागले तर उघड्या धारेवर किंवा एकट्या झाडाखाली थांबू नका, आणि कोरड्या घळीच्या पात्रात बसून डबा उघडू नका.

७. वळण्याच्या जागी

छपराखाली सावलीत किमान वीस मिनिटे बसा. बूट काढून मोजे वाळवा, खारट काहीतरी खा, बाटल्या भरा. मग प्रत्येकाने प्रामाणिकपणे तीन प्रश्नांची उत्तरे द्यावीत: डोके दुखते आहे का, गेल्या दोन तासांत लघवी झाली का आणि तिचा रंग कसा होता? गडद पिवळी म्हणजे पाणी कमी पडले; अगदी पाण्यासारखी आणि वारंवार होत असेल तर पाणी जास्त आणि मीठ कमी झाले. गटातील सर्वांत थकलेल्या माणसाची स्थिती हीच गटाची स्थिती धरायची. आपल्याकडे वडीलधारी मंडळी त्रास होत असूनही सांगत नाहीत, मुलांचा हिरमोड होईल म्हणून. तेव्हा विचारण्याची जबाबदारी धाकट्यांनी घ्यावी.

८. चढताना

निघण्यापूर्वी सदरा, टोपी आणि पंचा नळाखाली पूर्ण भिजवा. सर्वांत संथ माणसाला पुढे ठेवा. मागच्यांनी त्याच्या चालीने चालायचे. बोलता बोलता चालता येईल, इतकाच वेग ठेवा. वाक्य तुटायला लागले तर वेग जास्त झाला आहे. अर्धा तास चालल्यावर पाच ते दहा मिनिटे बसा, शक्य असेल तर पाय हृदयापेक्षा थोडे वर ठेवून. पायांत साचलेला शिणवटा यामुळे बराच उतरतो. प्रत्येक थांब्यावर दोन घास आणि काही घोट, भूक-तहान नसली तरी.

उन्हाळ्यात उशीर झालाच आणि दहा वाजून गेले, तर घाईने वर येण्याचा प्रयत्न करू नका. जवळच्या छपराखाली थांबा, अंग ओले ठेवा आणि चारनंतर ऊन कलल्यावर निघा. अंधार झाला तरी चालेल. हेडटॉर्च त्यासाठीच घेतला आहे. दुपारच्या उन्हात रेडवॉल चढण्यापेक्षा रात्री आठला कड्यावर पोहोचणे कितीतरी सुरक्षित आहे.

शेवटचा दीड मैल सर्वांत कठीण वाटतो, कारण उंची वाढते तशी हवा विरळ होते आणि वरून फिरायला आलेल्या, अत्तर लावलेल्या, ताज्या माणसांची गर्दी भेटते. त्यांच्या चालीशी बरोबरी करू नका.

९. त्रास झाला तर

मळमळ, डोकेदुखी, चेहरा पांढरा पडणे, पायात गोळे येणे, ही उष्णतेच्या थकव्याची चिन्हे आहेत. ताबडतोब सावलीत बसवा, कपडे भिजवा, वारा घाला, खारट खाणे आणि घोटाघोटाने ओआरएस द्या आणि माणूस पूर्ण सावरल्यावरच हला. भरपूर पाणी पिऊनही मळमळ वाढत असेल, बोटे सुजली असतील, तर आणखी पाणी देऊ नका. खारे शेंगदाणे द्या.

माणूस असंबद्ध बोलू लागला, पावले अडखळू लागली किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजा. मिळेल ते सगळे पाणी अंगावर ओता, सतत वारा घाला, एकाला त्याच्याजवळ ठेवा आणि दुसऱ्याला जवळच्या रेंजरकडे किंवा रेंज मिळेल तिथे ९११ लावायला पाठवा. हेलिकॉप्टर लगेच येईल असे गृहीत धरू नका. उष्णता, वारा किंवा अंधार यामुळे ते उडू शकत नाही, आणि पायी येणाऱ्या पथकालाही वेळ लागतो. मदत येईपर्यंत अंग थंड ठेवणे हाच उपचार आहे आणि तो क्षणभरही थांबवायचा नाही.

वर सुखरूप आल्यावर लगेच गाडी चालवायला बसू नका. जेवा, दोन तास पडून राहा, लघवीचा रंग पुन्हा पाहा, आणि ज्याला तुम्ही परतीची वेळ लिहून दिली होती त्याला सर्वांत आधी कळवा.